ह्यांच्या बोटाची शाई

आमचे हे दर पाच वर्षांनी ग्रामपंचायतीला मत द्यायला बहरीनहून गावी जातात. कणकवलीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत लहानशी वाडी आहे, तिथे. नवीन लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला वाटलं, माणसाला गावी जायला काहीतरी निमित्त लागतं, दुसरं काय. पण हे गणपतीला गेले नाहीत, मावसभावाच्या लग्नाला गेले नाहीत, मतदानाला मात्र गेले. एकदा मॅनेजरने "मफी लीव्ह", म्हणजे रजा नाही, म्हणून हात झटकले. ह्यांनी पुढच्या वर्षाची रजा मागे ओढून घेतली आणि चार दिवसांत जाऊन आले.

हे इथल्या हूरा भागातल्या एका हॉटेलात एसीचे फोरमन आहेत. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, आणि जे काय बोलतील ते मालवणीत. मी साताऱ्याची. माझं बोलणं ह्यांच्या वाटणीचंही भरून निघेल इतकं आहे. मतदानाहून परत आले की विमानतळाच्या दारातूनच हे डाव्या हाताचं पहिलं बोट वर करून दाखवायचे. नखावर शाईची रेघ. नख वाढेल तशी ती रेघ पुढे सरकायची, आणि तेवढे दिवस त्या एका बोटाचं नख कापायला ह्यांची टाळाटाळ चालायची. कामावरचे लोक विचारायचे, तेव्हा हे गंभीरपणे "व्होट" म्हणायचे आणि पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये डोकं घालायचे.

मी हूऱ्यातच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. इथून जवळच अमेरिकन नौदलाचा तळ आहे, त्यामुळे आमच्याकडे पेशंट बरेचसे अमेरिकन. जगावर दरारा असलेल्या त्या देशाशी माझी ओळख अशी झाली, की सहा फुटी उंच पोरंपोरी गालाला हात लावून, रडवेल्या तोंडाने माझ्यासमोर उभी. अक्कलदाढेपुढे महासत्ता वगैरे काही चालत नाही. मी त्यांना खुर्ची दाखवायची आणि फॉर्म भरून घ्यायची.

एक दिवस एक अमेरिकन बाई आल्या. दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन बाहेर बसवलं होतं, अर्धं तोंड बधिर. त्यांनी पर्समधून एक लांबलचक कागद काढला आणि माझ्याकडे काळं पेन मागितलं. मला वाटलं, इन्शुरन्सचं काहीतरी असेल. ती मतपत्रिका होती. राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात, खाली न्यायाधीश, त्याखाली शाळेच्या मंडळाचे सभासद, आणि सगळ्यांत शेवटी गावातला पूल दुरुस्त करायचा की नाही, हा प्रश्न. आमच्या सोफ्यावर बसून, वाकड्या तोंडाने, त्या एकेक गोल काळा करत होत्या. मग पाकीट चिकटवलं, सही केली आणि आत जाऊन दाढ काढून आल्या.

मी माझं पेन परत घेतलं. मला आमचे हे आठवले. गोव्याला उतरायचं, तिथून एसटीने कणकवली, पुढे रिक्षा, आणि हे सगळं त्या एका नखभर शाईसाठी. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "बरा आसा त्यांचा," आणि जेवायला बसले. माझ्या डोक्यातून मात्र तो कागद जाईना. मी साताऱ्याला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलेलं. लग्नानंतर त्याचा उपयोग फक्त टीव्हीवरच्या चर्चांना नावं ठेवण्यापुरता उरला होता. मी चौकशी केली आणि मनाम्यातल्या एका खासगी विद्यापीठात, दवाखाना सुटल्यावर संध्याकाळचा एक कोर्स घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका, तिचा इतिहास आणि राजकारण.

वर्गात सगळ्यांत मोठी मी. बहरिनी मुली मला 'खालती' म्हणायच्या, म्हणजे मावशी. शिकवणाऱ्या बाईही बहरिनीच होत्या, पण अमेरिकेत बरीच वर्षं काढून आलेल्या. त्या शांतपणे शिकवायच्या. माझ्यासारख्या चारचौघांत बोलायला उतावीळ बाईला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला पहिल्या बाकावर बसवलं.

अमेरिकेची ती राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. लोकांची मतं जास्त मिळाली तरी माणूस हरतो कसा? असं दोनदा तर आपल्याच आयुष्यात झालं. मी जेवताना ह्यांना सांगत होते, की लोक आधी मधली माणसं निवडतात आणि ती माणसं वरच्याला निवडतात. ह्यांनी माशाचा काटा बाजूला ठेवला.

"म्हणजे सदस्य निवडान द्यायचे, आणि सदस्य सरपंच निवडतले. आमच्याकडे व्हताच की तां. मग थेट सरपंच केल्यानी, मग परत बदलल्यानी, मग परत थेट."

झालं. जे मला चार पुस्तकांतून कळलं नव्हतं ते बांगड्याच्या तिखल्यात कळलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसंच सांगितलं, तर बाई खूश. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यालाही घेऊन ये. मी हे ह्यांना सांगितल्यावर ह्यांचे कान लाल झाले.

पण ज्याने मला खरं धरून ठेवलं ते पुढचं प्रकरण. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना मताचा हक्क कागदावर कधीचाच होता. तो कचेरीच्या खिडकीशी जाऊन अडायचा. नाव नोंदवायला गेलं की कारकून राज्यघटनेतला एखादा परिच्छेद पुढे करणार, वाचा आणि अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, तेही तोच ठरवणार. शाळामास्तर नापास व्हायचे. कुणाला म्हणे साबणाच्या वडीतून किती बुडबुडे निघतात असंही विचारलं होतं. नाव नोंदवायला गेलेल्या बाईची त्याच दिवशी नोकरी जायची. तरी माणसं जात राहिली, मार खाऊन पुन्हा रांगेत उभी राहिली, तेव्हा कुठे एकोणीसशे पासष्टमध्ये कायदा झाला.

त्याच वर्षी त्यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठीचाही कायदा बदलला, आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर तिकडे जायला लागले. आमच्या आळीतले एक काका तसेच गेले. आता ते तिथले नागरिक आहेत, तिथे मत देतात, आणि सुट्टीवर आले की आपल्या देशात लोकांना शिस्त कशी नाही यावर व्याख्यान झोडतात. कुणी रस्त्यावर डोकी फोडून घेतली म्हणून तो देश जरा मोकळा झाला आणि काकांना दार उघडं मिळालं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नसावं. पुढच्या खेपेला मी सांगणार आहे. आमचं इथलं वेगळं. आम्ही बहरीनला कामाला आलो, व्हिसा आहे तोवर आहोत, उद्या खलास झाला की बॅगा भरायच्या. आमचं नाव कुठे असायचंच तर ते गावच्या यादीत.

शेवटच्या निबंधाला मी विषय घेतला तो त्या कारकुनाचा. काठ्या चालवणाऱ्यांवर सगळेच लिहितात. मला चीड आली होती ती खिडकीमागच्या माणसाची. त्याने कुणावर हात उचलला नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि नियम दाखवला. आणि त्याला मनापासून वाटत असणार की आपण आपलं काम चोख करतोय. समोरचा माणूस कुठून चालत आलाय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. असं मी लिहिलं, आणि माझं मलाच आवडलं.

आता या सगळ्या अभ्यासाने माणूस शहाणा होतो असा समज असेल तर माझ्याकडे बघा. मतदानाचे नियम वाचता वाचता मी आपल्याकडचेही वाचायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं, की परदेशात राहणाऱ्या भारतीयाने गावच्या साध्या यादीत राहायचं नसतं. त्याचा अर्ज वेगळा, यादीतली जागा वेगळी. आमचे हे वीस वर्षं बहरीनला राहून गावचे कायम रहिवासी म्हणून मत देत होते. मला एकदम घरात चोरीचा माल सापडल्यासारखं झालं.

शुक्रवारी आम्ही बुदैयाच्या रस्त्याला भाजी आणायला जातो, तेव्हा गाडीत मी विषय काढला. मागे आमची मुलगी कानात हेडफोन घालून. ती आमचं मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते.

"अहो, हे बरोबर नाही. नियमात बसत नाही."

"ऱ्हवांदे गो. चाललासा तां चालांदे."

"असं कसं? उद्या कुणी हरकत घेतली तर?"

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, की इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ते सुट्टीवर गेले होते. वाडीत जाण्यायेण्याच्या पाणंदीवरून ग्रामसभेत वाद झाला. हे बोलायला उभे राहिले, तर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, तू आता बहरीनवालो, तुजो हंय काय संबंध? हे खाली बसले. त्या वर्षापासून ह्यांनी एकही मतदान चुकवलं नाही. संबंध आहे, हे दाखवायचं दुसरं काही साधन ह्यांच्यापाशी नव्हतं. इतकी वर्षं मी ती शाई बघत होते आणि हे मला त्या दिवशी कळलं.

मागून मुलगी म्हणाली, "Mom, just leave it." म्हणजे हेडफोन नुसतेच होते.

पण सोडेन ती मी कसली. मला उलट चेव आला. ह्यांचा हक्क असा पक्का करून टाकते, की कुणाची माय व्याली बोट दाखवायला. मी घरी येऊन ऑनलाइन अर्ज भरला. पासपोर्टची प्रत जोडली, व्हिसाची जोडली. गावच्या यादीतलं जुनं नाव काढावं असं लिहून द्यायचं होतं, तेही दिलं. हे जेवायला बसले होते तेव्हा कागद पुढे केले. ह्यांनी डाव्या हाताने ताट सरकवलं, उजवा हात धुऊन आले आणि मी बोट ठेवलं तिथे न वाचता सही केली.

मध्ये भांडुपहून ह्यांच्या मामेभावाचा फोन आला होता. कुणीतरी चौकशीला येऊन गेलं, हे इथे राहतात का म्हणून विचारत होतं. मामेभावाने सांगितलं, हो, आमचाच माणूस आहे, बहरीनला असतो. आम्हाला वाटलं, पासपोर्टची चौकशी असेल. भांडुपला मामाच्या खोलीत हे फार तर तीन महिने राहिले होते, गल्फचं काम बघायला गावाहून आले तेव्हा. एजंट म्हणाला, मुंबईचा पत्ता दे, पासपोर्ट लवकर होईल. ह्यांनी मामाचा दिला. कोकणातून गल्फला आलेल्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट असेच कुठल्या ना कुठल्या मामाच्या खोलीत राहतात. पुढे नूतनीकरण होत गेलं आणि पत्ता तोच पुढे जात राहिला. त्याने आमचं कधी काही अडलं नव्हतं.

निवडणूक लागली. ह्यांनी लीव्ह टाकली, खजुराचे डबे भरले आणि गेले. फोनवर बोलणं झालं तेव्हा म्हणाले, सगळा बरा आसा. मी माझ्या निबंधात गुंतलेली. मत दिलंत का, हे विचारायचंही माझ्या मनात आलं नाही. ते मी विमानतळावर बघणारच होते.

विमानतळाच्या दारातून हे आले तेव्हा दोन्ही हात ट्रॉलीवर होते. मी बोट बघितलं. नख स्वच्छ, कापलेलं.

"यादीत नाव नव्हता," हे म्हणाले, आणि गाडीची किल्ली मागितली.

मी घरापर्यंत तोंड बंद केलं नाही. कचेऱ्या, त्यांचा कारभार, माणसांची किंमत नसणं, अमेरिकेतला तो कारकून आणि आपल्याकडचे त्याचे भाऊबंद, सगळं काढलं. तक्रार कशी करायची, कुणाला लिहायचं, तेही ठरवलं. हे गाडी चालवत होते. हूऱ्याच्या सिग्नलला एवढंच म्हणाले, "खजूर आवाडलो सगळ्यांका."

दुसऱ्या दिवशी तक्रार लिहायला बसले. तक्रारीत नोंदणीचा क्रमांक घालावा म्हणून मी ऑनलाइन ह्यांचं नाव शोधलं. सापडलं. व्यवस्थित, फोटोसकट, परदेशी मतदार म्हणून. भांडुपच्या यादीत. पासपोर्टवर जो पत्ता असेल तिथेच नाव लागतं, हे अर्जाच्या सूचनांत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. मी साबणाचे बुडबुडे मोजणाऱ्यांवर पंधरा पानं लिहिली होती आणि ते एक पान वाचलं नव्हतं.

मी तक्रारीचा कागद बाजूला सारला. मग जाऊबाईंना फोन लावला, मतदानाच्या दिवशी काय झालं ते खरं सांगा म्हणून. त्या म्हणाल्या, अगं, बाहेरच्या टेबलावर चिठ्ठी मिळेना तेव्हा भावजी शाळेत आत गेले. आतल्या माणसाने यादी दाखवली. त्यांच्या फोटोवर आडवं 'वगळले' असं छापलेलं. तो म्हणाला, तुम्हीच तर लिहून दिलंय, नाव काढा म्हणून. मागे रांग, सगळी वाडी बघत होती. तो पाणंदीवाला माणूसही रांगेतच होता. भावजी हसले आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, कचेरीतल्या माणसाने घोळ घातला. "तसंच ना गं ते?" जाऊबाईंनी विचारलं.

मी हो म्हटलं.

संध्याकाळी हे कामावरून आले. मी चहा ठेवला आणि सरळ सांगितलं, की माझ्यामुळे झालं. तुमचं नाव मी काढलं. मला रडू आलं, आणि मला रडताना बोलता येत नाही, म्हणून अर्धं सांगायचं राहिलं.

"माका ठावक आसा," हे म्हणाले. "थंयच कळला."

"मग मला का नाही सांगितलंत? गाडीत मी एवढं बोलत होते."

"तू बोलत व्हतंस." ह्यांनी चहा बशीत ओतला. "आणि गावात तुजा हसा कित्याक करूचा? तुजो राग नाय इलो माका. फक्त थंय उभ्या उभ्या वाटला, माजा नाव हंय नाय, तर मी खंयचो?"

मी कपबशी विसळून ठेवली. बाईंना निबंध द्यायचा होता, तो मी पुन्हा काढला आणि कारकुनाबद्दलचा भाग वाचला. एक शब्दही खोटा नव्हता. पण लिहिताना मी खिडकीच्या या बाजूला, रांगेत, त्या लोकांबरोबर उभी होते असं धरून चालले होते. आता तो इस्त्रीचा शर्ट मला ओळखीचा वाटायला लागला. मी शेवटी एक पान वाढवलं. त्यात लिहिलं, की त्या माणसांचं कामावरून जाणं, मार खाणं पुस्तकांत आहे. पण नाव न नोंदवता घरी परत गेल्यावर त्यांनी बायकोला काय सांगितलं, ते कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही. बाईंनी त्या पानावर काही शेरा मारला नाही. फक्त वर्गानंतर विचारलं, "हे कुठून आलं?" मी म्हटलं, घरून.

पासपोर्टवरचा पत्ता बदलायचं मी मनावर घेतलं. गावाहून कागद मागवले, वेळ घेतली, आणि एका सकाळी आम्ही दोघं मनाम्यात पासपोर्टच्या कचेरीत अर्ज भरायला गेलो. खुर्च्या भरलेल्या होत्या. मी सवयीने पेन काढलं, फॉर्म मांडीवर घेतला आणि भरायला सुरुवात केली. ह्यांनी हात पुढे केला.

"हाड हंय. मी भरतंय."

ह्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं, ओठ हलवत वाचायची, कळली नाही तर पुन्हा वाचायची. इंग्रजी ह्यांना कामापुरतंच येतं. दोन ठिकाणी मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमचा नंबर आला आणि गेला. खिडकीमागच्या मुलीने वर बघितलं, तिला मी हातानेच थांबायला सांगितलं. हे कायमच्या पत्त्यापाशी आले. घर नंबर लिहिला. मग वाडी, गाव, तालुका, जिल्हा. एकेक अक्षर सुटं, मोठं, चौकटीत बसेल असं. लिहून झाल्यावर ह्यांनी ते एकदा बोट फिरवून वाचलं, आणि मगच फॉर्म माझ्याकडे दिला. म्हणाले, "आता बघ, बरोबर आसा मां?"

मी पहिल्या ओळीपासून सगळा वाचला.